ऑपरेशन दोन तासांचं, बाकी सगळं घरचं

सुरतमध्ये पाठ दुखायला निमित्त शोधावं लागत नाही. उधना, लिंबायत, पांडेसराच्या यंत्रमागांवर कारागीर बारा बारा तास उभा असतो. ताण्याचा भरलेला बीम मागावर चढवायचा तर दोघातिघांच्या कमरेचा कस लागतो. रिंग रोडच्या कापड बाजारात साड्यांची पार्सलं माणसांच्या डोक्यापाठीवरून मजले चढतात. वराछा-कतारगामला रत्नकलाकार हिरे घासायच्या घंटीवर मान घालून दिवस काढतो. आणि डिंडोली, गोडादरा, नवागामच्या खोल्यांमधून बायका जमिनीवर बसून साडीला टिक्या-खडे चिकटवतात, धागे कापतात, मजुरी नगावर. या वस्त्यांमध्ये खानदेश राहतो. जळगाव, धुळे, नंदुरबारहून ताप्ती लाइनच्या गाडीनं आलेली माणसं आता दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत आहेत. त्यांच्यात कुणाला ‘मणक्यात गॅप’ सांगितलेला असतो, कुणाची ‘नस दबलेली’ असते, कुणाची ‘गादी सरकलेली’. ऑपरेशन हा शब्द घरात आला, की पुढचं वाक्य ठरलेलं: पाठीला सुरी लावली की माणूस कामातून गेला.

ही भीती खोटी आहे म्हणून झटकण्यासारखी नाही, आणि खरी आहे म्हणून कवटाळण्यासारखीही नाही. ऑपरेशन करून उठलेले, पुन्हा मागावर उभे राहिलेले पुष्कळ आहेत. तीन वर्षांनी तीच कळ घेऊन परत आलेलेही आहेत. दोघांच्या पाठीत सर्जनने केलेलं काम अनेकदा सारखंच असतं. फरक पडतो तो ऑपरेशन कशासाठी केलं यानं, आधी शरीर किती तयार होतं यानं आणि नंतर घरी काय घडलं यानं. या तिन्ही गोष्टी ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या आहेत, आणि नेमक्या त्यांच्याविषयीच रुग्णाशी सगळ्यात कमी बोललं जातं.

सुरुवात एमआरआयपासून करू, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. २०१५ साली अमेरिकेत एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांहून अधिक लोकांच्या मणक्यांच्या चित्रांचा त्यात हिशेब होता. विशीतल्या ३० टक्के लोकांची मणक्यांमधली गादी (डिस्क) फुगलेली निघाली, पन्नाशीत ६० टक्क्यांची, ऐंशीत ८४ टक्क्यांची. यांतल्या एकालाही त्रास नव्हता! म्हणजे रिपोर्टमध्ये ‘डिस्क बल्ज’ छापून आलं, एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. केस पिकतात तशा गाद्याही पिकतात. चित्रातला दोष आणि अंगातलं दुखणं एकाच जागी जुळतं का, हे रुग्णाला तपासून ठरतं. पाय किती अंशांवर उचलला की कळ येते, अंगठा वर खेचता येतो का, टाचेवर चालता येतं का, हे न पाहता नुसत्या फिल्मवर ऑपरेशन सुचवलं गेलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं. त्यात कुणाचा अपमान नाही.

घसरलेली गादी नस दाबते आणि त्यामुळे पाय दुखतो, हे वैद्यकालाही फार पूर्वीपासून ठाऊक नाही. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघांनी १९३४ साली ते ठामपणे मांडलं. १९७७मध्ये जर्मनीतले कास्पर आणि झुरिकचे याशारगिल यांनी सूक्ष्मदर्शकाखालून छोट्या छेदातून तीच गादी काढण्याची रीत प्रसिद्ध केली. भारतात मणके जोडण्याच्या, मागच्या बाजूने दोन मणक्यांच्या मधे हाड बसवण्याच्या शस्त्रक्रियेला ज्यांनी रुळवलं, त्यांत गोव्याच्या वाडी-तळावलीचे डॉ. प्रेमानंद रमाणी यांचं नाव मोठं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला शिकून ते मुंबईत परतले आणि मॅरेथॉनही धावत राहिले. त्यांच्या मराठी आत्मचरित्राचं नाव ‘ताठ कणा’.

आता मुख्य प्रश्न: ऑपरेशन कुणाला लागतं?

ढोबळ नियम असा, की कण्याची शस्त्रक्रिया पायाच्या दुखण्यावर चांगली चालते, नुसत्या कंबरदुखीवर तितकीशी नाही. कळ कमरेतून निघून मांडी-पोटरीवरून पावलापर्यंत जात असेल, तपासणी आणि एमआरआय एकच नस दाखवत असतील, आणि सहा ते बारा आठवडे औषध-व्यायाम करूनही आराम नसेल, तर गादीचा तुकडा काढून बहुतेकांना लवकर बरं वाटतं. मात्र थांबलेल्यांचंही फार बिघडत नाही. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांवर लगेच शस्त्रक्रिया ठरली, निम्म्यांना थांबवलं. लगेच ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर गेली. पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के लोक बरे झाल्याचं सांगत होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मधेच ऑपरेशन करावं लागलं, हेही खरं. म्हणजे साध्या सायटिकात, नस दबून पायात उतरणाऱ्या कळेत, ऑपरेशन प्रामुख्यानं वेळ वाचवतं. हातावर पोट असलेल्याला तीन महिन्यांची कळ आणि तीन आठवड्यांची कळ यांतला फरक मोठा असतो, म्हणून त्यानं ऑपरेशनची घाई केली तर तिला चूक म्हणता येणार नाही. निर्णय माहिती घेऊन व्हावा, एवढंच.

निव्वळ कंबरदुखीसाठी स्क्रू-सळया घालून मणके जोडायचे का? ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत साफ सांगितलं, की शास्त्रीय चाचणीचा भाग असेल तरच, एरवी नाही. मणका पुढे सरकलेला, अस्थिर असेल, हाड मोडलं असेल, गाठ किंवा वाकडेपणा असेल तर गोष्ट निराळी. ‘गॅप आहे, रॉड टाकू’ एवढ्यावर मात्र कुणी सही करू नये.

थांबायची मुभा नसते ती थोड्या वेळा. लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, दोन मांड्यांमधली, बसताना टेकणारी जागा बधिर झाली, पायातली ताकद झपाट्यानं कमी झाली, तर ती त्याच दिवशी गाठायची आणीबाणी आहे. मणक्याच्या तळाशी असलेला नसांचा झुपका दबलेला असतो आणि तो तासांच्या हिशेबात मोकळा करावा लागतो. नवी सिव्हिल असो, महापालिकेचं स्मिमेर असो की खासगी दवाखाना, जवळ असेल तिथे आधी पोचावं. ‘सोमवारी दाखवू’ म्हणण्यात लघवीची कायमची पिशवी पदरी पडू शकते.

आणखी एक आजार या शहरात विसरून चालत नाही, तो म्हणजे मणक्याचा क्षय. लंडनचे पर्सिव्हल पॉट यांनी १७७९मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टर त्याला पॉट्स स्पाइन म्हणतात. दाटीच्या खोल्या आणि कमी आहार असलेल्या वस्त्यांत तो आजही सापडतो. रात्री वाढणारी पाठदुखी, बारीक ताप, घटणारं वजन ही त्याची चाल. यात बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही. क्षयाच्या गोळ्या साधारण वर्षभर, कधी दीड वर्ष, न चुकता घ्याव्या लागतात. नसा दबून पाय लुळे पडू लागले, पू साठला किंवा कणा कोसळू लागला तरच शस्त्रक्रिया, आणि तिच्यानंतरही गोळ्या चालूच. सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून या काळात आहारासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४पासून महिना ५०० वरून १,००० रुपये झाली आहे. ती मागून घ्यावी.

ऑपरेशन ठरलं, की तारखेपर्यंतचे आठवडे बहुतेक घरांत पैशांची जुळवाजुळव करण्यात जातात. ते साहजिक आहे. आयुष्मान कार्डाचं पाहणंही त्यातच येतं. २०१८च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या या योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. गुजरात सरकारनं जुलै २०२३मध्ये आपल्या लाभार्थ्यांसाठी ते दहा लाखांवर नेलं. ज्याचं रेशनकार्ड अजून अमळनेर-शहाद्याचं आहे, त्याचं केंद्राच्या योजनेतलं कार्ड दुसऱ्या राज्यातल्या यादीवरच्या रुग्णालयातही चालतं. मात्र ते रुग्णालय नेमक्या मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी यादीत आहे का, आणि स्क्रू-सळयांचा खर्च त्यात धरलाय का, हे दाखल होण्याआधी आयुष्मान मित्राच्या टेबलावर विचारायचं असतं.

पण त्याच आठवड्यांत एक काम फुकट होतं आणि तेच सगळ्यात अवघड जातं. तंबाखू. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखम उशिरा भरते, आणि जोडलेलं हाड जुळून येत नाही. मणके जोडलेल्या साडेतीनशेवर रुग्णांचा अभ्यास २००० साली अमेरिकेत झाला. ऑपरेशननंतरही सिगारेट चालू ठेवणाऱ्यांत हाड न जुळण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट निघालं. आपल्याकडे सिगारेटपेक्षा मावा, तंबाखू-चुना आणि बायकांची मिसरी अधिक, आणि ‘मी ओढत नाही’ असं डॉक्टरांना सांगताना गालात पुडी असते. निकोटिन गालातून जातं तसंच हिरडीतूनही जातं. किमान चार आठवडे आधी बंद, आणि हाड जोडलं असेल तर पुढे कित्येक महिने बंद. मिसरी दातांसाठी लावतात, तिला व्यसन कोण म्हणणार, असा युक्तिवाद माजघरात चालत असेल. हाडापुढे चालत नाही.

साखरेचंही तसंच. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी आठच्या वर असेल, तर अनेक सर्जन तातडी नसलेलं ऑपरेशन पुढे ढकलतात, कारण जखम चिघळण्याचा धोका वाढतो. बायकांत रक्त कमी असणं नेहमीचं; ते आधी भरून काढावं. किडलेला दात, पाठीवरचं गळू, लघवीतला जंतुसंसर्ग हेही आधी निपटावेत. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे हृदयाच्या आणि पाठीच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं, शेजाऱ्यानं नव्हे. वैदूचा काढा, गुडघ्यासाठी घेतलेली ‘देशी’ पुडी, त्याची कबुलीही भूलतज्ज्ञाला द्यावी, कारण अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं.

आदल्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टकडून एक गोष्ट शिकून घ्यावी: उठणं. कुशीवर वळायचं, खांदा आणि कंबर एकाच वेळी. पाय खाटेखाली सोडायचे आणि हातानं रेटा देऊन बसतं व्हायचं. दुखत नसताना हे चार वेळा केलेलं असलं की भुलीतून जागं झाल्यावर जमतं. दुखणं म्हणजे काय, ऑपरेशननंतर किती दुखेल, कोणतं दुखणं घाबरण्यासारखं नाही, हे आधी समजावून सांगण्याचाही उपयोग दिसतो. अमेरिकेत ६७ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत अशी शिकवणी मिळालेल्यांची कळ इतरांइतकीच राहिली, पण पुढच्या वर्षभरात त्यांचा उपचारांवरचा खर्च ४५ टक्क्यांनी कमी झाला. आपल्या ओपीडीच्या रांगेत अर्धा तास समजावत बसायला कुणाला वेळ आहे, हा प्रश्न आहेच.

मग घर. रुग्णालयातून मिळणारा सल्ला बंगल्यासाठी लिहिल्यासारखा असतो: कमोड वापरा, जमिनीवर बसू नका, जिना कमी करा. दहा बाय दहाची खोली, वरच्या माळ्यावर जाणारी उभी लोखंडी शिडी, चाळीला सामाईक भारतीय पद्धतीचा संडास, ओट्याऐवजी खाली ठेवलेली शेगडी, पहाटे भरायचं पाणी. यात तो सल्ला बसवायचा कसा, हे ऑपरेशनच्या आधीच ठरवावं लागतं. खुर्चीचा कमोड विकत किंवा भाड्यानं मिळतो. गादी जमिनीवरून खाटेवर आणायची. शेगडी टेबलावर. रोज लागणारा डबा, मोबाइल, औषधं कमरेच्या उंचीवर. तळमजल्यावर नातेवाइकाची खोली असेल तर महिनाभर तिथे. आणि घरातली बाईच रुग्ण असेल, तर हंडा कोण भरणार आणि लहान पोराला कोण उचलणार, याचं उत्तर नावासकट तयार हवं. ‘होईल काहीतरी’ म्हणजे तिसऱ्या दिवशी तीच वाकणार.

ऑपरेशनच्या दिवसाविषयी फार सांगण्यासारखं नाही. घन अन्न सहा तास आधी बंद, साधं पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत, पाठीवरचे केस घरी वस्तऱ्यानं काढायचे नाहीत. गादीचा तुकडा काढायला साधारण एक-दोन तास, मणके जोडायला अधिक. नसेवरचं आवरण फाटणं, जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी, नसेला इजा हे धोके थोडे असले तरी खरे आहेत. संमतीपत्र मराठीत नसेल तर वाचून, समजावून घ्यायचा हक्क आहे.

खरी गंमत त्यानंतर. पूर्वी महिनाभर झोपवून ठेवत, आता त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी चालवतात. भेटायला आलेल्या आत्या-मावश्यांना हे पाहवत नाही आणि ‘पडून राहा रे’चा गजर सुरू होतो. पडून राहण्यानं स्नायू विरतात, पायात गुठळी होते, छातीत कफ साठतो. चालणं हेच पहिलं औषध: आधी खोलीत, मग चाळीच्या गॅलरीत, मग गल्लीत, थोडं थोडं, दिवसातून अनेकदा. सलग बसणं मात्र सुरुवातीला वीस-तीस मिनिटांपुरतं. कानबाईच्या सणाला रोटांच्या जेवणासाठी आलेली मंडळी रुग्णाला मधोमध बसवून तासभर गप्पा मारतात, तेव्हा त्यानं बेशक उठून फेरी मारावी.

वाकणं, पिळणं आणि वजन उचलणं यांवर बंदी असते. किती काळ, यावर सर्जनांत एकमत नाही. काही दोन आठवडे सांगतात, काही सहा, मणके जोडले असतील तर तीन महिने. आपल्या सर्जनचं ऐकावं. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. कळेच्या गोळ्यांनी शौचाला घट्ट होतं आणि कुंथण्यानं पाठ ओरडते, म्हणून पाणी, भाज्या, इसबगोल पहिल्या दिवसापासून. आंबट आणि डाळ खाल्ली की जखमेत पू होतो, ही समजूत तापीच्या दोन्ही तीरांवर आहे. तिच्यापायी माणूस महिनाभर भात आणि पातळ पेजेवर राहतो, आणि जखम भरायला लागणारी प्रथिनं नेमकी तेव्हाच तुटतात. डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध, मटण, जे घरात चालतं ते खावं. पू होतो तो जंतूंनी. ताप, वाढती लाली, जखमेतून पाणी, पोटरीला सूज, नवा बधिरपणा दिसला तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवावं. हाडवैद्याची मालीश आणि ‘झटका’ पूर्ण बंद. कमरेचा पट्टा सांगितला असेल तेवढेच आठवडे. वर्षानुवर्षं बांधलेला पट्टा स्नायूंना आळशी करतो.

बरं होण्याचा क्रमही माहीत असावा. आधी पायातली कळ जाते, कधी शुद्धीवर येतानाच. बधिरपणा आणि मुंग्या महिनोन्‌महिने रेंगाळतात. गेलेली ताकद सगळ्यात सावकाश येते, आणि कधी पूर्ण येत नाही. हे न सांगितलेला रुग्ण दुसऱ्या महिन्यात ‘ऑपरेशन फेल’ म्हणून गावी निघतो. सुरत ते जळगाव सुमारे ३०० किलोमीटर. जनरल डब्यात दाटीनं बसून हा प्रवास पहिल्या काही आठवड्यांत करू नये, करावाच लागला तर आरक्षण करून खालच्या बर्थवर आडवं पडून आणि तासाला उठून. काढलेल्या गादीचा उरलेला भाग पुन्हा बाहेर येण्याचं प्रमाण शंभरात पाच ते पंधरा असं सांगितलं जातं. त्यामुळे चौथ्या-सहाव्या आठवड्यापासून सुरू होणारा पोट-पाठीचा व्यायाम चैनीचा नाही.

घाईचा आणि धीराचा हिशेब पाहायचा तर सुरतजवळच्या चोऱ्यासीत जन्मलेल्या क्रिकेटपटू हार्दिक पंड्याकडे पाहावं. सप्टेंबर २०१८मध्ये दुबईत पाकिस्तानविरुद्ध गोलंदाजी करताना त्याची पाठ गेली आणि त्याला स्ट्रेचरवरून नेलं. ऑक्टोबर २०१९मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. पाच महिन्यांत, मार्च २०२०मध्ये, डी. वाय. पाटील स्पर्धेत त्यानं ५५ चेंडूंत नाबाद १५८ धावा ठोकल्या. पाठ बरी झाली असंच सगळ्यांना वाटलं. पण गोलंदाजी पाठीला पिळते. २०२१च्या आयपीएलमध्ये त्यानं एकही षटक टाकलं नाही. २९ मे २०२२ला अहमदाबादच्या अंतिम सामन्यात १७ धावांत तीन बळी घेतले, तेव्हा ऑपरेशनला अडीच वर्षं उलटली होती. अहमदाबादचाच जसप्रीत बुमराह मार्च २०२३मध्ये न्यूझीलंडला ऑपरेशन करवून ऑगस्टमध्ये डब्लिनला खेळला, तोही सुमारे अकरा महिने मैदानाबाहेर राहून. दोघांच्या दिमतीला फिजिओ होते, आहारतज्ज्ञ होते, आणि घरी बसल्यानं चूल बंद पडणार नव्हती.

यंत्रमागवाल्याचं सगळं अडतं ते इथेच. टेबलावरच्या कामाला गादीच्या ऑपरेशननंतर दोन ते चार आठवड्यांत जाता येतं, ओझ्याच्या कामाला तीन महिने लागू शकतात, मणके जोडल्यावर सहा. पगार दिवसाचा किंवा मीटरचा. म्हणून माणूस पंचविसाव्या दिवशी बीमखाली खांदा लावतो. यावर कायद्यात उत्तर आहे, ते फार थोड्यांना ठाऊक असतं. दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात, महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेला माणूस कामगार राज्य विमा (ईएसआय) योजनेत येतो. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. दीर्घ आजारांच्या ३४ नावांच्या यादीत घसरलेली मणक्याची गादी आहे. नोकरीची आणि वर्गणीची अट पुरी असेल तर ८० टक्के वेतन दोन वर्षांपर्यंत मिळू शकतं. अडचण एकच: हजेरीच्या वहीत नाव हवं. खोलीत खडे चिकटवणाऱ्या बाईला तर वहीच नाही. तिला विश्रांती देणारं कोणतंही कलम नाही, आणि हा या सगळ्या विषयातला सर्वात मोठा अन्याय आहे.

मालकांना करता येण्याजोगं आहे ते स्वस्तातलं: परतलेल्या कारागिराला तीन महिने बीमऐवजी बॉबिन भरण्याचं किंवा तागे तपासण्याचं काम द्यावं. अनुभवी हात टिकतो. आणि वस्तीला करता येण्याजोगं त्याहून सोपं आहे. महाराष्ट्रात गावोगावी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत. अनामत ठेवून वॉकर, कमोडची खुर्ची, पाठ उचलता येणारी खाट नेता येते. लिंबायत-डिंडोलीत गणपतीची मंडळं गल्लोगल्ली आहेत. त्यांनी यंदा रोषणाईतून थोडे पैसे बाजूला काढून चार कमोडच्या खुर्च्या, चार वॉकर आणि दोन खाटा घ्याव्यात, आणि कुणाकडे मागायच्या तो फोन नंबर मंडपाच्या फलकावर मराठीत लिहावा.